दातांत धरलेली सळई

"दाजी, बोला लवकर. उकरू कुठं?"

मेहुण्याने कमरेला दोरी बांधली होती. दाजी रस्त्यावर गुडघे टेकून बसले होते. लोखंडी सळईचं एक टोक डांबराच्या भेगेतून खालच्या पाइपावर, दुसरं त्यांच्या दातांत.

फुटलेल्या पाइपाने आतली माती वाहून नेली होती. गळतीची जागा नेमकी कळली, तर तिच्या अलीकडे घट्ट जमिनीत खणायचं. चुकली, तर मेहुणा थेट पोकळीत.

सळई चावून ऐकणं ही लोकांना दाजींची लकब वाटायची. खरं तर त्यांचे कान कधीच गेले होते. पाण्याची थरथर सळईतून दातांत, दातांतून कवटीत चढायची आणि हाडच ऐकायचं. पण बायकोने हट्टाने उरलेले दात काढायला लावून कवळी बसवून घेतली होती, आणि आज काहीच चढत नव्हतं.

त्यांनी कवळी काढून खिशात टाकली. हिरड्यांना फक्त गारवा लागला. सळई कपाळाला टेकवली. पुसट गुणगुण आली. कुठूनही येत असावी.

मेहुणा समोर येऊन वाकला. "नव्या दातांना लोखंड पचत नाही वाटतं! अहो, बोट दाखवा नुसतं. डोळे झाकून उतरतो."

दाजींचं बोट उचललं गेलं, कोपऱ्यावरच्या खांबाकडे वळलं आणि थांबलं.

"मला ऐकू येत नाही रे."

"आज?"

"कधीपासूनच. तुझ्या ओठांवरून कळतं."

मेहुणा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "ताईला ठाऊक आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आणि मी येडा, तुम्हाला शिव्या द्यायच्या तर हळू आवाजात द्यायचो!"

दाजींनी सळई त्याच्या हातात दिली. "घट्ट चाव. श्वास धर. जाडसर घरघर आली तर पाणी लांब आहे. बारीक, तिखट फुसफुस झाली की तिथंच."

मेहुणा एकेका भेगेपाशी बसत गेला. दुकानाच्या पायरीसमोर त्याचे डोळे मोठे झाले.

"दाजी, दात शिवशिवले!"

दाजींनी तिथे खडूने फुली मारली, चार पावलं मागे आले आणि टाच आपटली. "इथं खण."

खड्डा छातीएवढा झाला तेव्हा जमलेल्या लोकांची तोंडं एकदम उघडली. दाजींनी वळून पाहिलं. खांबाजवळचं डांबर, जिथे त्यांचं बोट जाणार होतं, ते खाली गेलं होतं. धूळ उठली. खड्डा दिसेना.

त्यांनी दोरी ताणली, तळहाताला दोन वेढे दिले आणि डोळे मिटले.

बराच वेळ काही नाही.

मग दोरीतून एक ठोका आला. फावड्याचा. मग आणखी एक.