डबड्यातला प्रज्वल

"आला गा, आला! प्रज्वल आला!"

बेसा भागातल्या त्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया भिंतीला टेकून, पुरुष जिन्यावर, आणि मधोमध टेबलावर एक कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार, डबड्यावर हळदकुंकू. डबड्यातून खर्र-खर्र आवाज येत होता, लाल दिवा लुकलुकत होता, आणि एवढ्यावर जाणती माणसं डोळे पुसत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी चिन्मयी. पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवते आणि दुर्दैवाने ह्यांच्या शेजारी राहते.

प्रज्वल हा घरातला धाकटा मुलगा, उन्हाळ्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला. घराणं विणकरांचं. थोरला संजीव लुगड्यांचा धंदा बघतो. प्रज्वल काठपदरांचे नमुने कॉम्प्युटरवर काढायचा. तो गेल्यावर ते काम त्याची बायको काजल करते. रोज दिवेलागणीला काजल काम थांबवते, एक बटण दाबते, पडद्यावरची खिडकी नाहीशी होते आणि डबडं कुरकुरायला लागतं. कोणीही हात लावलेला नसताना.

ह्या कुरकुरीचा अर्थ लावायला संजीवने मार्तंड महाराजांना आणलं होतं. भगवी कफनी, मनगटावर चकचकीत घड्याळ.

"बोल बाळा, नेटवर्क भेटून राहिलं का तुले?" महाराजांनी विचारलं. दिवा लुकलुकला. "पाहा, हो म्हणते! वरतं रेंज कमी हाय, म्हणून आवाज फाटून राहिला."

"महाराज, माह्या पोरीचं लग्न जमन का?" जिन्यावरून कोणी ओरडलं. दिवा लुकलुकला. तो काय, लुकलुकतच होता. तुझं घर जळेल का विचारलं असतं तरी लुकलुकलाच असता. पण बाप्याने हात जोडले.

प्रज्वलची आई मैनाबाई डबड्याला गाल लावून बसली होती. "त्याले विचारा ना महाराज, जेवला का तो?"

"जेवला म्हणते, माय," महाराज म्हणाले. त्या क्षणी त्या माणसाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

गंमत इथेच थांबली असती तर मी दार लावून घरात बसले असते. पण काजलला हैदराबादला एका डिझाइन कंपनीत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि महाराजांनी सांगून टाकलं होतं की प्रज्वल फक्त सुनेच्या हातानं येतो. ती गेली की आत्मा मधातच, ना इथं ना तिथं, लटकणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजल माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"ताई, मी नोकरीले नाही म्हणून कळवून राहिली."

"काहून वं?"

"तो खरंच येत असंल तर? मी गेल्यावर त्यानं कोणापाशी यावं?"

मला तिची दया आली नाही, संताप आला. शिकलेली, स्वतःच्या हाताने मशीन चालवणारी बाई, आणि एका दिव्यापुढे आयुष्य ओवाळून टाकायला निघाली होती!

संध्याकाळी मी सरळ त्या टेबलाशी जाऊन बसले. खोली पुन्हा गच्च भरलेली.

"मैनाबाई, तुमच्या घरात अर्धं लुगडं असताना माग मोडतात का?"

"कधीच नाई," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचा दंडक हाय. काम जसं असंल तसंच ठेवाचं, सकाळी तिथूनच धराचं."

"प्रज्वलने तेच केलं. नमुन्यांचा तुमचा प्रोग्राम जुना, नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून त्याने ह्या कॉम्प्युटरच्या पोटात सगळा नकली असा दुसरा कॉम्प्युटर बसवला. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. संध्याकाळी तो बंद करायचा नाही, नमुना अर्धा असेल तसा सस्पेंड करायचा, म्हणजे झोपवायचा. झोपताना आतल्या कॉम्प्युटरच्या डोक्यात, म्हणजे मेमरीत, जे जे असतं, ते सगळं बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवावं लागतं. फिरती डिस्क आहे, लिहिताना खरखरणारच. हा दिवा तिचाच."

"मग तो जिता होता तवा काहून नाही वाजलं?" महाराज गरजले.

"वाजत होतं. तेव्हा हे डबडं उमरेडला मागांच्या शेडमध्ये होतं. तिथल्या खटखटीत तुम्ही शंख फुंकला असता तरी कोणाला ऐकू आला नसता."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी काजलला मशीन झोपवायला सांगितलं. खरखर सुरू झाली तशी पडद्यावर यादी उघडून दाखवली: डिस्कवर कोण लिहितंय? तेच व्हर्च्युअल मशीन. मग मशीन उठवलं, काम जपून ठेवलं आणि या वेळी झोपवलं नाही, रीतसर बंद केलं. दिवा जरा चमकला आणि विझला.

"काय झालं महाराज, रिचार्ज संपला?" मी विचारलं.

"आज त्याचं मन नाही," महाराज म्हणाले. "अमावस्येला पाह्यलं असतं तर! केवढा वेळ बोलला!"

बंद मशीनची सेटिंग मी उघडलीच होती. आतल्या कॉम्प्युटरला दिलेली मेमरी: आठ जीबी.

काजल पुढे वाकली. "एक होतं तिथं. त्यानं एकच ठेवलं होतं, मले शिकवताना दाखवलं होतं."

"मेमरी वाढवली की लिहायलाही जास्त लागतं, खरखर लांबते," मी म्हटलं. "पण हा आकडा झोपलेल्या मशीनचा बदलता येत नाही. आधी पूर्ण बंद करावं लागतं. ह्या घरात अर्ध्या नमुन्यावर मशीन कोण बंद करतं?"

काजलचा चेहरा उतरला. "अमावस्येच्या सकाळी बंद भेटलं होतं मले. अर्धा काठ गेला होता. भाऊजी म्हणे, लाइट गेली रात्री."

"लाइट गेली म्हणून झोपलेल्या मशीनचं काही जात नाही. सगळं डिस्कवर उतरलेलं असतं. त्याचसाठी तर एवढी खरखर!"

सगळ्या माना संजीवकडे वळल्या. मैनाबाईंनी विचारलं, "तू केलं का रे?"

"मग काय करू, माय? हे काजल गेली का नमुने कोण काढन? धंदा बसते आपला!"

महाराज तोवर चपला शोधत होते. त्यांना कोणी अडवलं नाही. ज्यांनी काल पाय धरले होते ते आज छताकडे बघत बसले, लाज नावाची चीज कोणाकडे दिसली नाही. जाता जाता एका बाईने मलाच सुनावलं, "कशाले बोलल्या मॅडम? चांगलं चाललं होतं ना बिचारीचं."

खोली रिकामी झाली. मैनाबाईंनी डबड्यावर हात ठेवला.

"म्हणजे याच्यात माहा प्रज्वल नाहीच?"

"नाही," मी म्हटलं. ह्याहून मऊ उत्तर खोटं झालं असतं.

"तुम्ही मारलं त्याले आज, मॅडम."

"मैनाबाई, तो उन्हाळ्यातच गेला. रोज संध्याकाळी त्याला उठवून सुनेच्या गळ्यात बांधत होता तो तुमचा थोरला."

त्या काजलकडे वळल्या, आवाज अगदी बारीक. "जाशीन तं जाय. पण जाच्या आधी एक डाव लावून देशीन का वं? मले मालूम हाय तो नाही. तरी."

काजलने मशीन चालू केलं, झोपवलं, आणि खरखर थांबेपर्यंत सासूचा हात धरून बसली. रविवारी ती हैदराबादला गेली.

वाचकहो, मेलेल्या माणसासाठी रडा, पोटभर रडा. त्यात कमीपणा नाही. पण वस्तू वाजली तर आधी ती उघडून बघा, कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. आणि मेलेल्याचं नाव घेऊन कोणी जित्या बाईला घरात डांबायला लागला, तर त्याला विचारा की ती थांबल्याने फायदा कोणाचा.