सहा हलग्यांचं पार्सल

"काका, हे प्लास्टिक आहे की चामडं?" काउंटरपलीकडच्या मुलीनं हलगीवर नख टेकवून विचारलं.

"शेळीचं कातडं हाय," पिराजी म्हणाला. "वाजवून दावू?"

मुलीनं घाईघाईनं हात वर केला. राजारामपुरीतलं ते कुरिअरचं दुकान सकाळीच भरलं होतं. परगावच्या लेकासाठी कुणी लोणचं घेऊन उभं होतं, कुणी चिवड्याचे डबे. मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर अनुजा असं नाव होतं. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आत जाऊन साहेबांना विचारून आली, आणि सहाही हलग्या पिराजीकडे परत सरकवल्या.

"ऑस्ट्रेलियाला असलं कातडं आमची कंपनी घेत नाही, काका. दाखला लागतो. कातडं कुठल्या कत्तलखान्यातलं, कुठल्या कारखान्यात तयार झालं, त्याचा नोंदणी नंबर..."

"कारखाना म्हंजे मीच की."

अनुजाला हसू आलं, ते तिनं आवरलं. "लाकडाला हरकत नाही. त्यावर फायबरचं बसवून आणा. लगेच घेते. आमच्या मामाच्या पथकात पण फायबरच वाजवतात."

पिराजीनं हलग्या पुन्हा धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि बाहेर येऊन रिक्षाची वाट बघत उभा राहिला. सत्तरीला आलेला माणूस. आयुष्यभर त्यानं एकच काम केलं होतं. लाकडाचं गोल कडं घासायचं, चिंचोक्याची खळ लावायची, ओलं कातडं ताणून बसवायचं आणि सावलीत वाळवायचं. असं बसवलेल्या कातड्याला हलगी करणारे पान म्हणतात. बारा वर्षांचा असताना बापानं त्याच्या हातात पहिलं पान दिलं होतं. तेव्हापासून किती झाली, ते त्याला ठाऊक नव्हतं.

या सहा हलग्या मागवल्या होत्या राजवीरनं. मेलबर्नमध्ये कॉम्प्युटरच्या नोकरीला असलेला हा मुलगा राधानगरीकडच्या हंबीरराव पैलवानाचा नातू. तिथल्या मराठी मंडळींना गणपतीच्या मिरवणुकीत हलगी हवी होती, आणि राजवीरनं हट्ट धरला होता, की हलगी पिराजीमामाच्याच हातची पाहिजे.

त्याला कारण होतं. हंबीररावाची कुस्ती लागली की हलगीला पिराजी असायचा. हंबीरराव आखाड्यात उतरायच्या आधी हलगी उतरायची. तांबड्या मातीत पहिली थाप पडली की हजारो माणसं एकदम गप्प व्हायची, आणि मग शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घ्यायची. एकदा पंजाबचा मल्ल समोर होता. पाऊण तास कुस्ती चालली. दोघेही दमून गुडघ्यावर आले, तेव्हा पिराजीनं चाल बदलली, असा काही ठेका धरला की हंबीरराव खालच्या खाली फिरला आणि त्यानं पंजाब्याला आस्मान दाखवलं. फेटा उधळत तो आधी पिराजीकडे धावत आला होता. "तू पाडलास गा त्येला!" म्हणाला होता. त्या दिवसांत नुसत्या आवाजावरून लोक सांगायचे, हलगी कोण वाजवतोय. पिराजीला ती कुणाच्या हातची आहे, तेही कळायचं.

रिक्षा त्यानं घराकडे नेली नाही. निसारच्या गोदामाकडे वळवली.

निसार आणि तो एका वयाचे. चाळीस वर्षं पिराजीनं दुसऱ्या कुणाकडून कातडं घेतलं नव्हतं. निसार एकेक कातडं दारात उजेडाला धरायचा, एखादा डाग, एखादी पातळ जागा दिसली की बाजूला टाकायचा, आणि म्हणायचा, "ह्ये तुझं न्हवं, पिराजी. ह्ये चपलंचं."

आता गोदाम त्याचा मुलगा अझहर बघत होता. मिठातल्या कातड्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या आणि दारात मोठा ट्रक भरत होता.

"कुठं चाललंय ह्ये सगळं?" पिराजीनं विचारलं.

"मद्रासला," खाटेवरून निसार म्हणाला. "तिथनं बूट हून भायेर देशात जातंय."

"भायेर जातंय न्हवं? मग माझं का जाईना?"

अझहरला खरंच वाईट वाटलं. तो हातातली वही बाजूला ठेवून जवळ आला. "चाचा, कंटेनर असला तर कागद हुतोय. तिथं कंपनी हाय, लॅब हाय, सगळं हाय. सा कातड्यांचा कागद कोण करणार? मी तिघांना फोन लावतो, पण हुईल असं वाटत न्हाय."

त्यानं खरोखर तिघांना फोन लावले. एकानं हसून ठेवला.

"पिराजी," निसार म्हणाला, "माझं कातडं तिथं पायात घालायला चालतंय बग. वाजवायला चालत न्हाय." आणि मग दोघंही म्हातारे खाटेवर चहा पीत बसले.

घरी आल्यावर त्यानं राजवीरला फोनवर सगळं सांगितलं. "मामा, मग फायबर बसवा की," राजवीर म्हणाला. "न्हाईतर आमाला टायमात मिळायचं न्हाय."

पिराजीची बायको चिमणाबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. "पोरगं बरोबर बोलतंय. मागतील त्ये द्या. तुमचा मेला कायतरी हट्ट."

दुसऱ्या दिवशी पिराजीनं बाजारातून एक फायबरचं पान आणलं आणि जुन्या कड्यावर बसवलं. अर्ध्या तासात काम झालं. त्यानं वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत होता. बाहेर पावसाची झड लागली होती, कातडं असतं तर एव्हाना सैल पडून भद्द बोललं असतं. फायबरला पावसाचं काही नव्हतं. दुपारी वाजवलं, संध्याकाळी वाजवलं, तोच आवाज. त्याला त्यात खोट काढता येईना, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. रात्री जेवताना तो एवढंच बोलला, "ह्येला मी कशाला पायजे?"

सकाळी उठून त्यानं सहाही हलग्या पाण्यात घातल्या. चिमणाबाई धावत आली.

"अवो, याड लागलं का काय? म्हैनाभर राबून केल्यात!"

"कडी पाठवतो. कातड्यास्नी बंदी हाय, लाकूड चालतंय म्हणली ती पोरगी. कातडं त्येंनी तिथलं घ्यावं. बसवायचं कसं, त्ये मी फोनवर सांगतो."

पानं भिजली, सुटताना फाटली. पिराजीनं ती गोळा करून परड्यात पुरली. उघडी सहा कडी घेऊन तो पुन्हा राजारामपुरीला गेला. अनुजानं ती उलटीपालटी करून पाहिली, लाकडाचा कसलासा अर्ज स्वतःच भरला आणि हळूच म्हणाली, "काका, आतून सही करायची असते ना कारागिरानं?" पिराजीनं आयुष्यात कधी सही केली नव्हती. तिनं मार्कर पुढे केला. त्यानं एका कड्याच्या आत वाकडंतिकडं 'पिराजी' लिहिलं, आणि बाकीची पाच तशीच ठेवली.

कडी पोचल्यावर राजवीरची मंडळी आठवडाभर कातडं शोधत फिरली. शेवटी ढोल बनवणारा एक म्हातारा त्यांना सापडला. तो आफ्रिकेतला, घाना देशाचा, तीस वर्षांपूर्वी तिथं आलेला. त्याच्याकडे शेळीची कातडी होती. एके दिवशी सकाळी फोनच्या पडद्यावर पिराजीला तो दिसला. काळाभोर, दांडगा, पांढऱ्या दाढीचा. पिराजी मराठीत सांगत होता, राजवीर तेच इंग्रजीत सांगत होता. पण थोड्या वेळानं राजवीरला काही बोलावंच लागेना. पिराजीनं अंगठा दाबून दाखवला की तिकडे म्हातारा मान डोलवायचा, आणि नेमकी तिथंच कड ओढायचा.

"ह्येचा बाप बी ह्येच करत हुता काय रं?" पिराजीनं विचारलं.

राजवीरनं विचारून सांगितलं, "व्हय मामा. आज्जाबी. पण पोरं न्हाय करत म्हंतोय."

"माझी बी न्हाय," पिराजी म्हणाला. "सांग त्येला."

सहातली तीन पानं फाटली. तीन बसली.

मिरवणूक रविवारी होती. राजवीरनं फोन चालू ठेवतो म्हणून सांगितलं होतं. पिराजी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून फोन घेऊन बसला. नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांनी साऊंडची भिंत लावली. पहिल्या दणक्याला फळीवरचे डबे थरथरले. चिमणाबाईनं दार लावलं, खिडकी लावली, फटीत पोतं कोंबलं. काही उपयोग झाला नाही. फोनवर झेंडे दिसत होते, फेटे दिसत होते, राजवीर नाचत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

पिराजीनं खुंटीवरची गोधडी ओढली, अंथरुणावर बसून डोक्यावरून घेतली आणि फोन कानाला लावला.

बराच वेळ गोधडी हलली नाही. चिमणाबाई उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवेना. तिनं वाकून, ओरडून विचारलं, "अवो, येतंय का काय ऐकाय?"

गोधडीची एक कड आतून वर उचलली गेली. चिमणाबाईनं दाराकडे एकदा बघितलं, पदर सावरला, आणि ती आत शिरली.