पट्टीला बाळ दिसत नाही

कमलम्माचं पत्र येऊन आठवडा उलटला, तरी सिद्धरामअण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. उदगीरच्या या धाकट्या बहिणीला ऐकू येत नसे. त्यामुळे नांदेडच्या भावाशी तिचं बोलणं कागदावरच चाले.

'अण्णा, अक्षराचा द्राक्षगर्भ काढला ते तुला माहीतच हाय. आता दिवस गेलेत का बघायच्या पट्टीवर परत दोन रेघा आल्या. लातूरची डॉक्टरीण सोनोग्राफी बघून म्हणती, लेकरू न्हाई, कॅन्सरची गाठ हाय, इंजेक्शनं द्या. मी सुनेला देऊ देईना. पोटातलं लेकरू मारू का? तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवलंस. तू म्हणशील तसं.'

'तू म्हणशील तसं' हेच अण्णांना पेलवेना. आपण बेडूक शिकवला, जास्वंद शिकवली. आपलं चुकलं तर? पुस्तकं उघडून ते कागदामागून कागद फाडत राहिले.

बायकोने, सुमनबाईंनी, त्यातला एक उचलला. "पोषबीजस्तर? अहो, वन्संनी हे वाचायचं का पुजायचं?"

"शास्त्रीय शब्द आहे."

"मग साधा कोणता?"

अण्णा घुटमळले. "वार."

"म्हशीची पडती, ती?"

"हाव, बाईचीही तीच. पण सुनेबद्दल बहिणीला असं कसं लिहू?"

"वन्संचा जन्म म्हशींच्या गोठ्यात गेला. लाज तुम्हाला वाटून राहिली. अन् तिकडं पोरीचं काय व्हायचं?"

अण्णांनी कोरा कागद पुढं ओढला. मग लिहू लागले.

'कमल, पट्टी खोटी नाही, डॉक्टरीणही नाही. पट्टीला बाळ दिसत नाही. लघवीतलं एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तेवढं तिला कळतं, आणि ते बाळ करत नाही, वार करते. द्राक्षगर्भ म्हणजे बिघडलेली वार. ती काढली तरी काही पेशी आत राहिल्या, वाढल्या, त्यांची गाठ झाली. त्या अजून तेच संप्रेरक सोडतात, म्हणून दुसरी रेघ उमटते. मारायला तिथं लेकरू नाही, पण गाठ अक्षराला मारील. हा कॅन्सर इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरा होतो, पुढं मूलही होऊ शकतं. पत्र मिळताच तिला लातूरला ने. मी डॉक्टर नाही, पण यात मला शंका नाही.'

शेवटचं वाक्य खोडायला त्यांचा पेन खाली आला. सुमनबाईंनी कागद ओढून घेतला अन् पाकिटात घातला.

पोस्टातल्या बाईने विचारलं, "साधं का स्पीड पोस्ट?"

"स्पीड!" अण्णा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्यांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.