बरणीतला ढग

साहेब दुपारी टेप घेऊन येणार होते, खोलीत रॅक किती बसतील ते मोजायला. आज बाईंचा प्रयोग फसला, तर कारखान्याच्या प्रयोगशाळेचं उद्यापासून भांडार होणार होतं. हे साहेबांनी हसत हसतच सांगितलं होतं. बाईंना मात्र बारा वर्षांत दुसरी कुठलीच खोली इतकी आपली वाटली नव्हती. माहेरचीसुद्धा नाही.

खिडकीत काचेची बरणी होती आणि तीत कारखान्याचं काळपट, तेलकट सांडपाणी. त्यात सर्फॅक्टंट घातलेलं, म्हणजे साबणाचंच एक अबोल भावंड. पाणी तापलं की ते ढगासारखं दाटतं आणि तेल पोटाशी धरून वर येतं. खाली नितळ पाणी उरतं. पण हा ढग दाटायचा पासष्ट अंशांना, आणि बॉयलरच्या वाया जाणाऱ्या वाफेवर सांडपाण्याची मोठी टाकी काही केल्या पन्नाशी ओलांडत नव्हती. म्हणून बाईंनी बरणीही पन्नासवरच ठेवली होती आणि सर्फॅक्टंट वाढवून पाहिलं होतं. नुसता फेस झाला.

बॉयलरवाले काका दारातून डोकावले. "काय बाई, आला का ढग?"

"ढग कसला, काका! फेसानं माझंच तोंड धुतलं."

"मग मीठ घाला की."

"थट्टेला आजचाच दिवस सापडला का?"

"थट्टा नाही हो. आमची आई घरी साबण करायची. मीठ पडलं की साबण पाणी सोडून मुकाट्यानं वर यायचा. पाणी मऊ करायचं यंत्र मिठानं धुतात, ते खारं पाणी रोज गटारात जातं आपलं. आणू बादलीभर?"

बाईंना आठवलं. मिठानं ढग कमी तापमानालाही दाटतो, हे पुस्तकात कुठंतरी बारीक अक्षरात होतं. पण मीठ म्हणजे अशुद्धी, आणि अशुद्धी त्यांनी जन्मभर दाराबाहेर ठेवली होती.

नवी बरणी भरली. सर्फॅक्टंट कमी, वर खारं पाणी. पन्नास अंशांवर ठेवली आणि दोघं स्टुलांवर बसून राहिले.

"आता ढवळू नका हं," काका कुजबुजले, जणू आत कुणी निजलं होतं.

आधी काहीच झालं नाही. मग पाण्याला जरा धुकं चढलं. धुक्याचा ढग झाला, ढग सावकाश, आळोखेपिळोखे देत वर सरकू लागला. बाईंना वाटलं, आपणही स्टुलावरून अलगद उचलले जातोय. वर बोटभर काळा थर साचला. खाली पाणी उरलं, आणि पाण्यातून खिडकीबाहेरचं झाड हिरवंगार दिसू लागलं.

साहेब टेप ओढतच आत आले आणि बरणीपाशी थबकले. बराच वेळ ते वाकून झाडाकडे बघत होते.

"किती अंशांना?"

"पन्नास," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

"उद्या टाकीत करून बघा." टेप खट्‌कन डबीत शिरला. "पण मग माझे रॅक कुठं लावू?"

"तुमच्या केबिनमध्ये, साहेब," काका म्हणाले. "तिथं काय, ढगबिग यायचा प्रश्नच नाही."