काळे मनगट

“आला! आला! आजार सरकला!”

लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या लांबट खोलीत तीस जणांनी डावे हात खिडकीतल्या उन्हाकडे उंचावले होते. दोरेबाबांनी सगळ्यांना बांधलेल्या ओल्या दोऱ्याखाली एकेक मनगट काळे पडत होते. आजाऱ्यांचे नव्हे, त्यांच्या सोबत्यांचे. त्यांत माझेही होते.

“आजार म्हणजे भाडेकरू!” दोरेबाबा गरजले. “मायेच्या माणसानं जागा दिली की जुनं घर सोडतो. पण नवं घर रिकामं पाहिजे! सोबत्यानं जेवायचं नाही, झोपायचं नाही. आणि ती विषारी सलाइनं बंद!”

ताईच्या स्तनातल्या गाठीसाठी मी दार सताड उघडून बसलो. नऊ दिवस नुसत्या चहावर काढले. तिकडे ताईने तिसरी केमो नाकारली. “तुझा हात काळा पडतोय ना? मग मला सुया कशाला?”

दहाव्या दिवशी नकार कळवायला आम्ही रुग्णालयात गेलो आणि ड्रेसिंगच्या खोलीसमोरच मी कोसळलो.

“आता दाखल कुणाला करू? हिला की तुला?” सिस्टर खेकसल्या. मग माझे मनगट पाहून थबकल्या. “हे कुणी लावलं?”

ताईने सगळे सांगितले. सिस्टरांनी कपाटातून गडद रंगाची बाटली काढली. “सिल्व्हर नायट्रेट. चामखीळ जाळायला वापरतो. ऊन लागलं की काळं पडतं.” त्यांनी स्वतःच्या मनगटावर त्याचा पट्टा ओढला, अर्ध्यावर चिकटपट्टी लावली आणि हात उन्हात धरला. थोड्या वेळाने उघडा भाग काळा पडला. चिकटपट्टी काढली, खाली कातडी जशीच्या तशी.

“काय हो, माझा अर्धाच हात मायाळू का?”

“पण माझा दोरा पांढराच राहतो,” ताई म्हणाली.

“तो कशात बुडवतात?”

“माझा वाडग्यातल्या पाण्यात. याचा…” ताई अडखळली. “काळ्या बाटलीत.”

मग ती माझ्यावरच उसळली. “गाढवा! तू वाळत चाललास आणि मी रोज तुझा हात बघून खूश होत होते!” डोळे पुसून तिने सिस्टरांना विचारले, “केमो उद्या मिळेल?”

त्या संध्याकाळी मी, आयुष्यात कुणाकडे काही न मागणारा, भावजींना म्हणालो, “उद्या ताईजवळ तुम्ही बसा. मला झोपायचंय.” ते लगेच हो म्हणाले. एवढे सोपे होते, याचाच मला अधिक संताप आला.

ती खोली अजूनही भरते. तिथे हात उंचावणाऱ्यांनो, तुमच्या भुकेने कुणाची गाठ विरघळत नाही. आजाऱ्याला उपचार द्या. आणि तुम्ही जेवा.