जास्तीचा ब्रेक

पुलाखालच्या वळणावर सायकलने पुन्हा हिसका दिला आणि मास्तरांनी पुढच्या पाठीकडे तुच्छतेने पाहिलं. शर्ट घामाने चिकटला होता. सकाळची गार हवा, बाजूला संथ नदी, चाकाखाली तुळतुळीत डांबर, ना चढ ना खड्डा, आणि हा गडी धापा टाकतोय. असल्या रस्त्यावर पडायचं म्हटलं तर मुद्दाम मेहनत घ्यावी लागली असती. सायकलवाल्यांसाठी पांढरी रेघ ओढलेली, दर वळणाला बाण काढलेले, दमलेल्यांसाठी बाकं टाकलेली. दमण्यासारखं इथे होतं काय, हे मास्तरांना कळत नव्हतं.

सायकल दोघांची होती. एकामागे एक दोन सीट आणि पेडलांच्या दोन जोड्या, साखळीने एकमेकींना बांधलेल्या. एकाची फिरली की दुसऱ्याची फिरणार. ती भाड्याने घ्यायची कल्पना मुलीची. ती स्वतः एकटीच्या सायकलवर पुढे निघून गेली होती. जाण्याआधी तिने बजावलं होतं की तुमच्या मनाविरुद्ध मी त्याच्याशी लग्न करणार नाही, पण दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. तेव्हा एकदा त्याच्याबरोबर शेवटच्या पुलापर्यंत जाऊन या आणि मग काय ते सांगा. मास्तरांचं काय ते घरून निघतानाच ठरलं होतं.

मुलगा शहराच्या बागखात्यात होता. कुठलं झाड छाटायचं आणि कुठलं राखायचं, हे ठरवायचा. याला काम म्हणायचं तर म्हणा. मास्तर मनातल्या मनात त्याला झाडवाला म्हणत. तोंडावर काहीच म्हणत नसत. अहो-जाहो करण्याएवढा मान द्यायचा नव्हता आणि अरे-तुरे करण्याएवढी सलगी नको होती, म्हणून ते त्याच्याशी हवेत बघून बोलत.

मास्तरांची उभी हयात ड्रायव्हिंग शिकवण्यात गेली होती. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जास्तीचा ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या शहराला तयार केलं होतं आणि त्या अर्ध्या शहराविषयी त्यांचं मत अतिशय वाईट होतं. डॉक्टर, वकील, मोठमोठे साहेब, स्टिअरिंग हातात आलं की सगळ्यांची भंबेरी उडते. परीक्षा सरकार घेईल तेव्हा घेईल. मास्तरांची परीक्षा निराळी होती. ज्या दिवशी ते शेजारी बसून दोन्ही पाय सीटखाली ओढून घेत, त्या दिवशी शिकणारा पास. असे फार थोडे निघाले. पोटच्या पोरीलासुद्धा त्यांनी त्या दिवसासाठी रडवलं होतं.

पुढे एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. मास्तर ताठ झाले. सायकल हिसका देऊन मंदावली.

"कुत्रं पार तिकडे आहे," मास्तर हवेला म्हणाले. "एवढं बिचकायचं काय कारण?"

"हो काका," झाडवाला म्हणाला, आणि पुन्हा जोर लावू लागला.

हेच ते. हो काका. उलट उत्तर नाही, ठसका नाही. अशा शेळपटाच्या हाती मुलगी द्यायची म्हणजे जन्मभर तिनेच गाडी ओढायची.

शेवटच्या पुलापाशी मुलगी बाकावर बसली होती. तिने झाडवाल्याचा चिंब शर्ट पाहिला, वडिलांचा कोरडा सदरा पाहिला, आणि पाण्याची बाटली पुढे केली. मास्तरांनी जाहीर केलं की परतीला पुढे ते स्वतः बसणार. चालवणं कशाला म्हणतात ते लोकांना दिसू दे. मुलगी पुढे निघाली.

आणि सायकल निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. वळणं आली नि गेली. हाताचा फरक आहे, मास्तरांना वाटलं. मुलीला सांगायचं वाक्यही त्यांनी जुळवून ठेवलं: मुलगा वाईट नाही, पण.

तेवढ्यात लांबवर एक चेंडू रस्त्यावर आला आणि त्यामागे एक चिमुरडी. मास्तरांच्या दोन्ही हातांखाली ब्रेक होते. तरी दाबला गेला तो उजवा पाय. पेडलं अडकली आणि सायकलने हिसका दिला. चिमुरडी चेंडू उचलून केव्हाच पसार झाली. ती मुळात जवळ नव्हतीच.

मास्तर पाय टेकून उभे राहिले. हा हिसका त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. कुत्र्यापाशी हाच, पुलाखाली हाच.

"जाताना," मागे न बघता ते म्हणाले, "हे माझ्या पायामुळे होत होतं?"

मागून उत्तर आलं.

"मधूनमधून."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं?"

"वाटलं, तुम्हाला भीती वाटत असेल. माझी आईपण गाडीत असंच करते. सांगितलं की जास्तच दाबते."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती म्हणे. त्या सीटवर बसून त्यांनी लोकांची भीती पाहण्यात आयुष्य काढलं होतं. पण ब्रेकवर पाय कुणाचा असायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. हा मुलगा सायकल, दोन माणसं आणि वर त्यांचा पाय, एवढं सगळं शेवटच्या पुलापर्यंत ओढत आला होता, आणि हो काका म्हणाला होता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि ती लाज त्यांना मुळीच आवडली नाही.

ते खाली उतरले.

"तू पुढे बस."

झाडवाला पुढे बसला.

"रस्ता तसा सोपाच आहे म्हणा," मास्तर पुटपुटले.

"हो काका."

पुलाखालचं वळण जवळ आलं. तिथे मुलगी एक पाय जमिनीवर टेकून उभी होती, चेहरा उतरलेला. समोरून पाच-सहा सायकली एकदम आल्या. मास्तरांचा उजवा पाय शिवशिवला. त्यांनी दोन्ही पाय पेडलांवरून उचलले आणि सीटखाली दुमडून घेतले. त्यांची पेडलं रिकामीच फिरत राहिली.

मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने पायांकडे पाहिलं.