वखारीत वाळवलेली वांगी

चाकणच्या सावळारामाच्या वखारीत कांदा म्हातारा व्हायचं विसरून जाई. तिथं शिरलेलं मांजराचं पिल्लू पुढं कैक वर्षं पिल्लूच राहिलं. मी त्याला दूध पाजलंय, तेव्हा शंका घेऊ नये.

पिंपरीत कारखान्यांची बांधकामं निघाली, त्या सुमाराची गोष्ट. सावळारामाच्या लेकीला, इंद्रायणीला, आपल्या भैरूसाठी बघायला थेरगावचे सोपानराव यायचे होते. माणूस वांग्यांच्या मळ्याचा. त्यांनी आधीच पाटीभर वांगी धाडली. सुपारीहून जरा मोठी, जांभळी, आणि अशी तुकतुकीत की सावळारामाच्या बायकोनं, गोजाबाईनं, त्यांच्यात बघून कुंकू लावलं. सोबत निरोप होता, "ह्याचीच भरली वांगी करा. रविवारी जेवायला येतो."

"वलसर फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवते," गोजाबाई म्हणाली.

"वलीला सडत्याल! कांदा टिकवणाऱ्याला वांगं शिकवतीस व्हय?"

आणि त्यानं वांगी कांद्यागत वखारीत वाऱ्यावर पसरली. वर आळीभर सांगून आला, "दिवाळीला बघा, अशीच असत्याल."

रविवारी बघतो तर वांग्यांना सुरकुत्या! चिरली तर आत बी काळं. बाजाराचा दिवस नव्हता, पाहुणे तर वेशीत आलेले. चुलीनं सरपणाचा निम्मा ढीग खाल्ला, तरी वांगं मऊ होईना.

पंगत बसली. सोपानरावांनी देठ धरून वांगं दातांनी ओढलं. ते ताणलं, सुटलं, आणि रस्सा थेट त्यांच्या पागोट्यावर!

सावळारामाच्या तोंडून निसटलं, "राव, रागावू नका, पण तुमची वांगीच जून निघाली."

सोपानरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाकडं पाहिलं. "भैरू, तोडणी तूच केलीस ना रं?"

भैरूचे कान लाल झाले.

भाकरी वाढायला आलेली इंद्रायणी बापापुढं थांबली. "न्हाई आबा. वांगी कवळीच हुती. आपून ती वखारीत वाळवली."

सोपानरावांच्या आई, सुभद्राबाई, कडाडल्या, "पोरी, बापाला पाहुण्यांम्होरं खोटं पाडतीस?"

"तुमच्या नातवाला फुकाचा बोल लागला, आजी."

सावळारामानं हात जोडले, पण मान वर होईना. "खरं हाय तिचं. मी खोटं बोललो."

सुभद्राबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "कांद्याचं वरचं पापुद्रं वाळलं की आतला जीव राखत्यात, बाबा. वांग्याचा जीव पाण्यात. धुवायचं न्हाई, देठ मोडायचं न्हाई, सावलीला वलसर फडक्यात ठिवायचं, आन् दोन-तीन दिसांत खाऊन मोकळं व्हायचं. ह्याला दिवाळी दावू ने." मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "सोपाना, कुंकू लाव पोरीला. घरात खरं बोलणारं कुणीतरी पायजे."

घरात आनंद झाला. सावळाराम तेवढा भिंतीशी उभा. जावयाला काहीतरी बोलावं म्हणून तो पुटपुटला, "ऱ्हाऊ द्या ते वांगं, भैरूराव."

"चांगलं झालंय की, मामा," म्हणत भैरूनं आणखी एक वाढून घेतलं आणि मुकाट्यानं चावत राहिला. ते काही केल्या तुटेना. त्याच्या प्रत्येक चावण्यासरशी सावळारामाची मान आणखी खाली गेली.